दोन गाड्या मीठ

संघपाल पडघान एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा आगारात शाल-नारळ देऊन त्यांचा सत्कार झाला. चार शब्द बोला म्हटल्यावर ते उठले आणि म्हणाले, "पैनगंगा लय वेळा ओलांडली. आता बसतो." आणि खरोखरच बसले. लोकांना वाटलं, गडी गहिवरला. तसं काही नव्हतं. त्यांच्यापाशी बोलायला तेवढंच होतं.

रिसोडहून हिंगोलीकडे जाणारी गाडी त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली. नदी ओलांडली की जिल्हा बदलायचा, बोली थोडी बदलायची, मलेचं मला व्हायचं. पूर्वी तिथं नुसता जिल्हा नाही, राज्यच बदलत असे. अलीकडे इंग्रजाचं वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. संघपालांचे आजोबा ग्यानबा अलीकडच्या काठावरच्या काठोड्याचे. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. आबा जेलात जाऊन आले होते, हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक होतं. कशासाठी, ते कुणी सांगत नसे. संघपालांनी लहानपणी एकदा थेट आबांनाच विचारलं होतं. आबा म्हणाले, "नदी ओलांडली म्हणून." त्यानंतर बरेच दिवस संघपाल नदीत पाय घालायला भीत.

आबा गेले, पुढं वडीलही गेले. कोरडवाहू दोन एकर नदीकाठचं वावर, आबांनी कमावलेलं, ते वडिलांनी कसलं. त्याच्यावर संघपालांचं शिक्षण झालं, नोकरी लागली, केनवडला बाजाराच्या रस्त्यावर घर झालं. जेलाची गोष्ट मागं पडली.

ती वर आली अकोल्यात. संघपालांची मुलगी धम्मदीपा तिथं शाळेवर शिक्षिका. तिचं पहिलं बाळंतपण, म्हणून संघपाल आणि त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई महिनाभर तिच्याकडे राहायला गेले. रत्नमालाबाईंना उसंत नव्हती, आणि संघपालांना काम नव्हतं. बाळंतिणीच्या घरात पुरुष माणूस जिथं बसेल तिथं कुणाच्या तरी पायात येतो. तिसऱ्याच दिवशी रत्नमालाबाई म्हणाल्या, "तुमी जरा बाह्यर फिरून या बरं."

फिरता फिरता एका गल्लीत त्यांना एक जुनं वाचनालय लागलं. आजचे पेपर वाचून संपल्यावर त्यांची नजर मागच्या कपाटावर गेली. तिथं एका जुन्या साप्ताहिकाचे बांधीव अंक होते. पानांना हात लावला की कोपरे तुटून पडत, म्हणून ग्रंथपाल बाईंनी टेबलावर जुनी चादर अंथरून दिली आणि बजावलं, "काका, हळूच."

संघपालांनी आधी जाहिराती वाचल्या. सर्कशीच्या, दातांच्या मंजनाच्या, मोटार सर्व्हिसच्या. मग त्यांना कोर्टाच्या बातम्यांची गोडी लागली. कोण कोणाच्या बांधावरून भांडला, कुणी कुणाची म्हैस सोडून नेली. जन्मभर गाडीत बसून लोकांची भांडणं ऐकलेल्या माणसाला हे वाचन घरच्यासारखं वाटलं. बाळाचं नाव ठरेपर्यंत ते रोज तिथं जात राहिले, आणि एका सकाळी १९४८ सालच्या उन्हाळ्यातल्या एका पानावर त्यांना काठोड्याचं नाव दिसलं.

'पैनगंगेवर चोरटे मीठ,' असा मथळा होता. खाली बारीक टाइपात मजकूर:

'निजाम हद्दीत चोरून माल नेल्याच्या आरोपावरून काठोडे येथील ग्यानबा वल्द सखाराम महार, वय ३८, याजवरील खटला वाशीम येथे मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे निघाला. आरोपी दोन गाड्या मीठ व काही डबे घासलेट घेऊन रात्रौ नदी उतरत असता पोलिसांनी पकडला. आरोपीने सांगितले की, माझी मुलगी पलीकडे तांदुळखेडे येथे दिली असून तिच्या घरी मीठ नाही, सबब घेऊन जात होतो. मॅजिस्ट्रेट : एका मुलीस दोन गाड्या मीठ कशास लागते? आरोपी : सरकार, तिचे सासर मोठे आहे. (हशा.)'

संघपालांनी ते पुन्हा वाचलं आणि त्यांना एवढं मोठ्यानं हसू आलं की बाईंनी मान वर केली. आबांना त्यांनी म्हातारपणीच पाहिलं होतं. सुतळी वळत बसलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्या माणसानं कोर्टाला हसवलं होतं.

पुढच्या अंकात निकाल होता. गाड्यांचे मालक जानराव पाटील यांनी साक्ष दिली, की गाड्या-बैल आरोपीनं आपल्याला न विचारता खळ्यावरून नेले. मालकास गाड्या-बैल परत. आरोपीस तीन महिने सक्तमजुरी.

त्या साली हिंदुस्थान सरकारनं निजामाची नाकेबंदी केली होती. मीठ, घासलेट, औषधं, काही पलीकडे जाऊ द्यायचं नाही असा बंदोबस्त. संघपालांनी हे शाळेत शिकलं होतं. त्यात आपला आजोबा कुठं बसतो हे त्यांना आज कळलं.

त्यांनी मोबाईलवर फोटो काढून धम्मदीपाला दाखवला. तिनं कुशीतल्या बाळाला सांभाळत एका हातानं तो 'पडघान परिवार' या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं : आमचे पणजोबा, लेकीच्या मिठासाठी जेलात गेले.

पहिला फोन आला तो संघपालांच्या चुलतभावाचा, संघदीपचा. संघदीप वाशीमला बँकेत. कुटुंबातले सगळे निर्णय त्याच्याच तोंडून बाहेर पडत.

"भाऊ, हे कायले टाकलं? माह्या पोरीची सोयरीक चालू हाय. आजोबा तस्कर व्हता म्हनून लोकाईले कळलं म्हंजे?"

"तस्कर कुठं म्हटलं? मीठ म्हटलं."

"चोरटं मीठ लिहेल हाय तिथं. मी वाचलं."

पण संध्याकाळपर्यंत वारं फिरलं. पुण्याच्या पुतण्यानं रडका चेहरा टाकला. नागपूरच्या भाचीनं लिहिलं, बाप असावा तर असा. कुणीतरी आबांचा एकुलता एक फोटो फुलांच्या चौकटीत बसवून त्याच्यावर सोनेरी अक्षरं टाकली. आणि रात्री संघदीपचाच निरोप आला, की आबांच्या पुण्यतिथीला काठोड्याच्या विहारात ही प्रतिमा मोठी करून लावायची, खाली ओळ लिहायची : लेकीच्या मिठासाठी तुरुंगवास पत्करणारा बाप. वर्गणीची गरज नाही, खर्च माझा.

संघपालांनी अंगठा टाकला. पण दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात गेले आणि मागचे अंक काढून बसले. का, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. तिकीट तपासताना एखाद्याचा चेहरा जरा जास्तच निवांत दिसला, की त्यांचा हात आपोआप तिकडे वळायचा, तसंच काहीसं. आणि त्यांना आणखी दोन बातम्या सापडल्या. एक १९४४ची : काठोड्याचा ग्यानबा कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, कापड पलीकडे नेताना सापडला, ताकीद देऊन सोडला. दुसरी त्याच्या दोन वर्षांनंतरची : काड्यापेट्या. दंड.

या दोन्ही वेळी आबांची लेक पलीकडे दिलेलीच नव्हती.

हे फोटो त्यांनी ग्रुपवर टाकले नाहीत. रत्नमालाबाईंना दाखवले. त्या बाळाचं धुणं वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "लेक तर जिती हाय ना? तिले कोनी इचारलं?"

कुणीच विचारलं नव्हतं. लेक म्हणजे लिलाबाई, संघपालांच्या सख्ख्या आत्या. नव्वदी ओलांडलेल्या, तांदुळखेड्यालाच नातवाजवळ. माहेराशी त्यांचं जाणं-येणं बेताचं. आबा वारले तेव्हा आल्या, मागं बसल्या, आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेल्या. सगळे म्हणत, आत्याचा स्वभावच तुटक. संघपाल इतकी वर्षं त्यांच्या फाट्यावरून गाडी नेत. कधीमधी उतरून भेटतही. पण कंडक्टरची भेट म्हणजे पाण्याचा तांब्या आणि ड्रायव्हरचा हॉर्न.

केनवडला परतल्यावर त्या आठवड्यातच संघपाल निघाले. पुलावरून गाडी गेली तेव्हा नदीत पाणी नव्हतं, वाळूच्या टिप्पराच्या चाकोऱ्या होत्या.

आत्या ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. डोळे जवळजवळ गेलेले, कान मात्र शाबूत. संघपालांनी आवाज दिला तसं त्यांनी ओळखलं. घरातल्या सुनेशी त्या मला-तुला बोलत होत्या. भाच्याशी बोलताना त्यांचं माहेरचं मले-तुले परत आलं.

"काहून आला रे बावा? कोनी मेलं काय?"

"कोनी नाई मेलं, आत्या. आबाची बातमी सापडली. जुन्या पेपरात. तुले वाचून दाखवतो."

"त्याची काय बातमी?"

संघपालांनी चष्मा चढवला आणि वाचायला लागले. आत्या मान खाली घालून ऐकत होत्या. 'तिच्या घरी मीठ नाही' इथं त्या म्हणाल्या, "हे खरं हाय. नव्हतंच. कोनाच्याच घरी नव्हतं." 'दोन गाड्या' म्हटल्यावर त्यांनी हात वर केला.

"दोन नाई. तीन."

"इथं दोन लिहेल हायेत."

"पोलिसाईले दोन सापडल्या. एक पयलेच पोचली व्हती. आदल्या राती."

संघपालांनी मोबाईल खाली ठेवला. "मंग तुले मीठ भेटलं म्हन ना."

"भेटलं?" आत्या म्हणाल्या. "बापानं इकलं मले मीठ."

मग त्यांनी सांगितलं. काही वेळ थांबून, काही मागंपुढं होऊन, पण कुठं आवाज न चढवता. गाडी रात्रीच येऊन वस्तीच्या तोंडाशी थांबली. दिवस उजाडेपर्यंत अर्धं गाव तिथं जमलं. लोकांनी कित्येक दिवस अळणी भाकरी खाल्ली होती. कुणी खाऱ्या मातीचं पाणी गाळून वापरत होतं. ग्यानबा गाडीपाशी उभा राहून मापानं मीठ मोजत होता. लिलाबाईंची सासू मडकं घेऊन गेली. व्याह्याचंच मीठ, तिला वाटलं भरून देईल. ग्यानबानं तिला रांगेत उभं केलं आणि भाव सांगितला. सगळ्यांना जो होता तोच.

"सासू घरी आली. माह्याकडे पाह्यलं. मी तवा चौदा वर्साची. मले म्हने, पाय पुढं कर. बापानं लग्नात घातलेले चांदीचे वाळे व्हते. ते काढले अन् घेऊन गेली. त्यानं घेतले."

"आबानं?"

"मंग कोनं? घेतले, अन् मीठ देलं. मापात एक चिमूट कमी नाई, एक चिमूट जास्त नाई. ते मी म्हनतो. मापात खोटा नव्हता मानूस."

ग्यानबा उरलेल्या दोन गाड्या आणायला परत गेला आणि त्याच रात्री पकडला गेला. इकडे सासूनं सुनेला वेगळं वाढायला सुरुवात केली. सगळ्यांच्या कालवणात मीठ. हिच्यासाठी आधीच काढून ठेवलेलं अळणी. तुझ्या बापाचं मीठ महाग आहे बाई, तुला परवडायचं नाही. सारा पावसाळा असा गेला. पुढं पोलीस ॲक्शन झालं, फौज आली, मागोमाग मीठ आलं, आणि सासूचं ते बोलणं हळूहळू बंद झालं.

सुनेनं चहा आणून ठेवला. आत्यांनी बशीत ओतून घेतला.

संघपालांनी विचारलं, "आबाले कदी इचारलं नाई तू?"

"इचारलं ना. तुया बापाच्या लग्नात. सुतळी वळून राह्यला व्हता. म्हटलं, बाबा, मले मीठ कायले इकलं? वर नाई पाह्यलं त्यानं. म्हने, मीठ माहं नव्हतं, जानरावाचं व्हतं. माहं नसलेलं तुले फुकट कुठून देऊ?"

"म्हंजे गाड्या चोरल्या नव्हत्या?"

"आरे, पाटलाच्या खळ्यातून तीन गाड्या बैलासगट कोन चोरते? गाड्या त्याच्या, मीठ त्याचं. पकडला गेला त नाव याचं. सुटून आल्यावर त्याच जानरावानं ते नदीकाठचं वावर नावावर करून देलं. पाटील का फुकट देत व्हता?"

त्या वावरात संघपालांनी लहानपणी पाखरं हाकली होती. आबांनी कमावलेलं वावर, असं घरात म्हणत. कसं कमावलं, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

"मंग तुले पटलं आबाचं?"

"नाई. तवाबी नाई, आताबी नाई. पर खोटं बोलत नव्हता." आत्यांनी बशी खाली ठेवली. "ते आखरीचं वाच बरं. साहेब काय बोलला ते."

संघपालांनी वाचलं. एका मुलीस दोन गाड्या मीठ कशास लागते. सरकार, तिचे सासर मोठे आहे. हशा.

"हशा म्हंजे?"

"कोर्टातले लोक हासले."

"माह्या नावावर हासले." आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मले मीठ इकलं, अन् तिकडे जाऊन माहंच नाव चालवलं. अन् सासर मोठं म्हने! दोन खोल्या व्हत्या रे. एकीत बकऱ्या." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, सून पाणी घेऊन धावली, तरी त्यांचं हसणं थांबेना. पुन्हा वाच म्हणाल्या. संघपालांनी पुन्हा वाचलं.

निघताना संघपालांनी पुण्यतिथीचं सांगितलं. विहारात प्रतिमा लागणार, खाली अशी अशी ओळ.

आत्यांचा चेहरा बदलला. "फोटो लावा. तुमचा आजोबा हाय, मी कायले नाई म्हनू? बाबासाहेबाच्या मागं जाऊन आमाले मानसात आनलं त्यानं, पोराले शाळेत घातलं. पर माह्या नावानं नका लावू. एकडाव चालवलं त्यानं, तेवढं पुरे."

घरी आल्यावर संघपालांनी सगळं रत्नमालाबाईंना सांगितलं. बाईंना सर्वांत जास्त धक्का वाळ्यांचा बसेल, अशी संघपालांची समजूत. रत्नमालाबाई गहू निवडत होत्या. म्हणाल्या, "यात काय नवल? माही माय आपल्या लग्नानंतर पयल्यांदा तुमच्या गाडीत बसली, तिले तुमी पुरं तिकीट फाडून देलं. वरतून कोंबड्याच्या टोपल्याचं लगेज लावलं."

"ते सरकारचं व्हतं."

"तेच म्हनतो मी," रत्नमालाबाई म्हणाल्या आणि सूप घेऊन गहू पाखडायला लागल्या.

संघदीपला समजावणं जड गेलं. त्यानं फ्लेक्स छापायला टाकला होता, आणि गंमत म्हणजे मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांनाही ती मिठाची गोष्ट फार आवडली होती. "भाऊ, नव्वद वर्साची बाई, तिले काय आठवते? तुमी कायले खोदून राह्यले?"

"तिले गाड्यांचा आकडा पेपरापेक्षा बरा आठवते," संघपाल म्हणाले. "ओळ काढ. नाई त मी विहारात उभा राहून काड्यापेट्यांची बातमी वाचून दाखवीन."

संघदीपला काड्यापेट्यांचं काहीच माहीत नव्हतं. कळल्यावर तो नरमला. ओळ गेली. धम्मदीपा मात्र हिरमुसली. फोनवर म्हणाली, "बाबा, किती चांगली गोष्ट होती. आता शाळेत मुलांना मी काय सांगू?"

"जे झालं ते सांग."

"जे झालं ते फार गुंतागुंतीचं आहे."

"हाय," संघपाल म्हणाले.

पुण्यतिथीला विहारात प्रतिमा लागली. नाव, गाव, जन्म-मृत्यूची सालं, बस. वंदना झाली, खिचडी झाली. जेवणं चालू असताना एकदोघांनी संघपालांना बाजूला घेऊन विचारलं, त्या पेपरात आमच्या घरच्या कुणाचं नाव नाही ना आलं? संघपाल म्हणाले, पाहतो. पुढच्या अकोल्याच्या फेरीत दोघांची सापडलीही, एकाचा पणजोबा घासलेटात होता, दुसऱ्याचा कापडात. पहिल्यानं फोटो मागून घेतला. दुसऱ्यानं पुन्हा विषय काढला नाही.

हिवाळा लागल्यावर एक दिवस तांदुळखेड्याहून आत्यांच्या नातवाचा फोन आला. आजीला बोलायचं आहे म्हणाला. आत्यांनी फोन नक्की तोंडाशी धरला होता की कानाशी, ते कळत नव्हतं, पण आवाज खणखणीत होता.

"संघपाल, त्या पेपरात तांदुळखेड्याच्या लोकाईचं बी येते काय?"

"काहून, आत्या?"

"माह्या सासूचा भाऊ. तोबी धरल्या गेल्ता. इकडून तिकडे अफू नेताना. घरात कोनी बोलत नसत. सासू त म्हने, तो तीर्थाले गेला व्हता. तेवढं शोध बरं."

संघपाल अकोल्याला गेले, आठवडाभर बसून पाहिलं. सापडलं नाही. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, तो निजामाच्या कोर्टात उभा राहिला असेल तर बातमी उर्दू पेपरात आली असणार. तसले पेपर हैदराबादेत मिळतील.

संघपालांना उर्दू येत नव्हतं. पण रिसोडला उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर त्यांच्या ओळखीचे होते. कित्येक वर्षं त्यांच्याच गाडीनं जाणारे-येणारे. संघपालांनी त्यांना गाठलं. मास्तरांनी सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, त्या माणसाचं नाव काय?

ते संघपालांनी विचारलंच नव्हतं. त्यांनी तिथूनच आत्यांना फोन लावला.